दान आपल्याले नको

"फळीवर ठेव बाबू, मी उचलते."

पगाराच्या दिवशी मी खिडकीतून नोटा पुढे केल्या की मावशी हे म्हणायची. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो, आणि कष्टाच्या पैशासाठी हात पसरायचा नाही, असा तिचा नेम होता. मी नोटा खिडकीच्या फळीवर ठेवायचो. ती वरून उचलायची, पदराच्या गाठीत बांधायची आणि मगच हसायची. मागची रांग खोळंबायची. "आटप ना मावशी!" असं कोणी ओरडलंच तर ती सावकाश मागे वळून बघायची आणि मग रांग गप्प व्हायची.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, पाठीमागे ज्याच्या तऱ्हांना आपण हसतो आणि समोर आलं की सरळ उभे राहतो. मावशी हद्दीपलीकडच्या हिंदी राज्यातल्या आमच्या गावी, लालबागेत आमच्याच गल्लीत राहायची. सरकारी सूतगिरणीत सुताच्या लड्या करण्याच्या खात्यात कामाला होती आणि मी तिथेच पगारबाबू होतो. देवळात मात्र प्रसादाला ती दोन्ही हात पसरायची. मी एकदा चिडवलं, तर म्हणाली, "देवापुढे पसरते. तू काय देव लागून गेला का रे बाबू?"



पुढे गिरणी विकली गेली. सरकारी पाटी उतरली, खाजगी कंपनीची चढली आणि बघता बघता आम्हा जुन्या माणसांना घरी बसवलं. मावशी शाहपूरकडे केळीच्या फण्या धुवायच्या कामाला जाऊ लागली. दिवसभर पाण्यात उभं राहून तिचे गुडघे सुजायचे. ग्रॅच्युइटी हाती आली की हे काम सोडायचं, एवढीच आस तिने धरली होती.

एके सकाळी गिरणीच्या फाटकावर हिंदीत सूचना लागली. आमच्याकडे सरकारी हिंदीत ग्रॅच्युइटीला 'उपदान' म्हणतात. सर्वांनी आपापली 'उपदान राशि', म्हणजे ग्रॅच्युइटीची रक्कम, घेऊन जावी, असं त्यात लिहिलं होतं. मावशीने ती कोणाकडून तरी वाचून घेतली आणि तिच्या कानात एकच शब्द अडकला.

"दान? मले दान देऊन राहिले?"

"अगं मावशी, उपदान म्हणजे दान नव्हे. आपली ग्रॅच्युइटीच ती."

"मंग नावात दान काहाले? केळ्याले कोणी कारलं म्हणते का?"

मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात फाटकाशीच मांडलेल्या टेबलामागच्या कंपनीच्या तरुण साहेबाने शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अम्माजी, यहाँ अंगूठा दे दीजिए।" मावशीने अंगठा वर केला, साहेबाला नीट दाखवला आणि घराकडे चालू लागली.

तिच्या पाठोपाठ तिच्या खात्यातल्या झाडून साऱ्या बाया परतल्या. विचारलं तर उत्तर एकच, "मावशी म्हणते, ते दान आहे." मी इतका वैतागलो की सांगता सोय नाही. तोंडाशी आलेला घास एका शब्दापायी लाथाडला म्हणून गल्लीभर बडबडत फिरलो.

मग युनियनच्या वकिलांनी सगळं प्रकरण समजून घेतलं. कंपनीने फक्त स्वतःच्या मालकीचा काळ मोजला होता, सरकारी नोकरीची सारी वर्षं गाळली होती. वर अंगठा देणाऱ्याकडून 'आता काही येणं उरलं नाही' असंही लिहून घेत होते. वकीलसाहेब पोट धरून हसले. "गैरसमज करून घ्यावा तर असा!" म्हणाले.

दावा लागला आणि रेंगाळला. मावशी प्रत्येक तारखेला केळीच्या चिकाने काळे पडलेले हात घेऊन यायची. एकदा सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी विचारलं, "अम्मा, मिल रहा था तो लिया क्यों नहीं?"

"दान था साहब. हमारे में दान देते हैं, लेते नहीं."

सगळे हसले. अधिकारी हसले नाहीत.

निकाल आमच्या बाजूने लागला. सरकारी नोकरीची सगळी वर्षं धरायची आणि वर व्याजही द्यायचं. ज्यांनी अंगठे दिले होते त्यांना वेगळं भांडावं लागलं, पण त्यांच्या तारखांनाही मावशी पुढच्या बाकावर बसलेली असायची. शेवटी त्यांचंही सुटलं.

मावशी आता नाही. शेवटची वर्षं तिने गुडघे पसरून ओट्यावर बसून काढली आणि केळी फक्त खाल्ली. मला मात्र ती आठवते ती चेकवाटपाच्या दिवशीची, त्याच फाटकावरची. साहेब तोच होता, केस तेवढे विरळ झाले होते. त्याने चेक पुढे केला. मावशीचा हात हलेना. आजूबाजूला टेबल नव्हतं, फळी नव्हती. साहेब गोंधळला.

मी रांगेतून ओरडलो, "साहब, अपनी हथेली पर रखिए!"

त्याने बिचाऱ्याने तळहात उघडून त्यावर चेक ठेवला. मावशीने तो वरून उचलला, पदराला बांधला आणि हसली. बायांनी असा काही गलका केला की रस्त्यावरच्या रिक्षा थांबल्या. आयुष्यभर मी पगार वाटला, पण त्या दिवसाइतका आनंद मला कधी झाला नाही. मी उघडपणे रडलो.

मावशीने पिशवीतून दराब्याचा, आमच्याकडच्या रवा-तुपाच्या मिठाईचा, डबा काढला. फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून सगळ्यांना वाटत वाटत ती साहेबापाशी आली.

"हात पुढं करा साहेब."

त्याने दोन्ही हात पसरले. मावशीने ओंजळभर दराबा त्यात घातला.

"हे बघा," ती म्हणाली, "याले म्हणतात दान."