माझ्या आईची शमीम

लसीकरण चालू होतं. बाळाला सुई टोचणार एवढ्यात फोन वाजला. मी घेतला नाही. बाळ रडून शांत झाल्यावर कळलं, शमीम गेली. सकाळी चहा पिताना छातीत कळ आली आणि संपलं. रडू आलं, ते खरंच. पण त्याआधी एक विचार मनात येऊन गेला, तो आज महिन्याभरानं लिहून टाकते... आता लोक माझ्याकडेही येतील.

वीस वर्षं आम्ही दोघी भिवंडीजवळच्या एकाच आरोग्य केंद्रात नर्स होतो. ती निजामपुऱ्यातली, मी दापोड्याची. माझी रजिस्टरं चोख, तिची कायम अर्धवट. तरी बाकावरच्या बायका मला विचारायच्या, "शमीमआपा कधी येणार?"

दोन वर्षांपूर्वी पूर आला. केंद्रात कमरेएवढं पाणी चढलं. लशी आणि औषधं आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर नेली, वर्गातच दवाखाना मांडला. माझ्या रजिस्टरांचा मात्र लगदा झाला. बीपीच्या, टीबीच्या गोळ्या कुणाच्या घरी संपल्या असतील, हे आता कोण सांगणार? शमीमनं डोळे मिटले आणि गल्लीगल्लीनं नावं सांगू लागली. मी लिहून घेत होते आणि आतून जळत होते.

तेवढ्यात भावाचा फोन आला. घरात पाणी शिरलं होतं, आईचं इन्सुलिन वाहून गेलं होतं. माझ्यासमोर जोडलेल्या बाकांवर एक बाई अडली होती. तिला टाकून कशी जाणार? शमीम म्हणाली, "तू इधर देख. अम्माकडे मी जाते." इन्सुलिनची बाटली आणि गोळ्यांच्या पुड्या प्लास्टिकमध्ये बांधून ती ट्रॅक्टरवर चढलीसुद्धा.

बाई सुखरूप सुटली. संध्याकाळी पाण्यातून वाट काढत मी घरी पोचले, तर आई माळ्यावर पेज पीत बसलेली. म्हणाली, "शमीम येऊन गेली. तुझ्यापेक्षा तिचा हात हलका हाय." आई वाचली याचा आनंद नंतर झाला, आधी राग आला. आभार मानायला मला दोन दिवस लागले. तेव्हा शमीम हसून म्हणाली, "अगं, अम्मा सगळा वेळ तुझंच कौतुक सांगत होती." माझी समजूत काढते आहे असं वाटून मी आणखीच चिडले.

त्यानंतर आईला इंजेक्शन द्यायला शमीमच लागायची. ड्युटीला जाताना ती वाट वाकडी करून यायची. आता मी देते. फ्रिजमधली बाटली शमीम दोन्ही तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवायची, औषधाचा गारवा जाईपर्यंत. मला तो वेळकाढूपणा वाटायचा. परवा मीही तशीच फिरवली. आईनं डोळे मिटून दंड पुढे केला.

"आज दुखलं न्हाय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "शमीमच आलीय असं वाटलं गो..."

मी बाटली फ्रिजमध्ये ठेवली. तळवे अजून गारच होते.