खापरपणजी आणि प्रास्ताविक

तमाम मराठीजनांस अत्यंत गांभीर्यानं कळवण्यात येतं की, प्रास्ताविकाशिवाय केलेला कार्यक्रम धर्मबाह्य असतो, मग तो अमेरिकेतल्या पिस्कॅटवेत का असेना.

आमच्या मंडळानं शेजारच्या गावातल्या एका कृष्णवर्णीय आजींना बोलावलं होतं. वय नव्वदीकडे झुकलेलं, आवाज खणखणीत. त्यांची खापरपणजी तंबाखूच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली, तिथून पळाली आणि उरलेलं आयुष्य गावोगाव सभा घेऊन गुलामगिरीविरुद्ध बोलत राहिली. आजींना आणताना त्या गाडीत मला म्हणाल्या, "ही गोष्ट तोंडी सांगणारी आमच्यात आता मीच उरलेय. एकदा भरल्या हॉलमध्ये सांगायचीय."

हॉल भरला होता. तो लायब्ररीचा, पाचला रिकामा करायचा. सूत्रसंचालन माझ्याकडे, म्हणजे सत्ता अध्यक्षांकडे. आत ज्योत पेटवायला बंदी, म्हणून बॅटरीच्या समईचं दीपप्रज्वलन झालं. सगळ्या मान्यवरांनी मिळून एकच बटण दाबलं. फोटो नीट आला नाही म्हणून समई विझवून पुन्हा दाबलं. मग अध्यक्षकाका प्रास्ताविकाला उभे राहिले. मंडळाची स्थापना, पहिला गणेशोत्सव, तेव्हा कुठंच न मिळणारी कोथिंबीर. मी चिठ्ठी सरकवली. त्यांनी ती वाचली, "सूत्रसंचालक मला कन्क्लूड करा म्हणतायत," असं सभेला सांगितलं, हशा वसूल केला आणि कोथिंबिरीपासून पुढे निघाले.

आजींची पाळी आली तेव्हा पाच वाजायला थोडाच अवकाश होता. मी पुढे केलेला माइक त्यांनी हातानंच नको म्हटला. काठी खुर्चीला टेकवली आणि खापरपणजी पळाली त्या रात्रीपासून सुरुवात केली. अंधार, दूरवर कुत्री, पाठीशी बांधलेली तान्ही मुलगी. नदीत उतरल्यावर पाणी वाढत गेलं, तशी तिनं मुलगी डोक्यावर धरली. मागं समोशांच्या ट्रेवरची फॉइल काढणारे हात थांबले. एरवी फोनमधून मान वर न काढणारी आमची पोरंही बघत राहिली. पाणी हनुवटीला लागलं.

तेवढ्यात लायब्ररीवाली दारात येऊन मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवू लागली. अध्यक्षकाका शाल आणि नारळ घेऊन लगबगीनं उठले, माइक हातात घेतला.

"वेळेअभावी आपण आता आभार..."

पहिल्या रांगेत त्यांच्या सौभाग्यवती बसल्या होत्या. इतक्या वर्षांत काकूंना चारचौघांत काकांचं बोलणं तोडताना कोणी पाहिलं नव्हतं.

"अहो, बसा खाली. बाई अजून नदीत आहे."