पाड्यावरची एकुलती एक खुर्ची

नम्रतेवर बोलायला निघाले होते आणि निघताना माझं डोकं तापलेलं होतं, हे आधीच कबूल करते. आमच्या नाशिकरोडच्या चर्चमध्ये पेटी मी वाजवते, शास्त्रपाठ मी वाचते, आणि यंदा महिला मंडळाची अध्यक्ष कोण झाली? माझी धाकटी जाऊ, सुलभा! तीन महिने मी मंडळाकडे फिरकले नव्हते. तरी शनिवारी ती प्रवासासाठी दशम्यांचा डबा घेऊन आली. "ठेव तिथे," एवढंच मी म्हटलं.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर हंगामाचा सण होता. भात कापून झाला की पहिलं धान्य देवापुढे ठेवून आभार मानायची उपासना. तिथल्या पाळकबाईंनी मला बोलायला बोलावलं होतं.

रविवारी पहाटेची पेठची एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला झळ नाही. सावळघाटात वळणं भरपूर आहेत, पोट नाजूक असेल तर पुढची जागा पकडा. करंजाळीला उतरून जीप, माणशी तीस रुपये, आणि भरल्याशिवाय ती जागची हलत नाही. भूक लागली तरी मी हट्टाने सुलभाचा डबा उघडला नाही. तेलकट वडापाव खाल्ला आणि पित्त ओढवून घेतलं.

चर्च छोटंसं, कौलारू. जमीन सारवलेली, सगळे चटयांवर बसलेले. पुढे भाताच्या ओंब्या, नागलीच्या म्हणजे नाचणीच्या टोपल्या, भोपळे आणि पाय बांधलेला एक कोंबडा. तो प्रत्येक गीतात आपला सूर लावत होता. समोर प्लास्टिकची एकच खुर्ची होती. पाहुण्यांसाठीच असणार! मी पदर सावरून ऐटीत बसले.

पाळकबाई वाकून हळूच म्हणाल्या, "बाय, ही खुर्ची भिकाआजीची हाय. तिचे गुडघे वाकत नाय."

मी इतक्या घाईने उठले की खुर्ची आडवी झाली. दारात काठी टेकून उभी असलेली म्हातारी खदखदून हसली. "बस गं, मी तुझ्या मांडीवर बसते!"

आता गंमत ऐका. आठवडाभर मी पाठ केलेला येशूचा दाखला तोच होता: मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, यजमान उठवेल. पर्समधला कागद काढायची लाजच वाटली. उभी राहिले आणि म्हणाले, "दाखला तुम्ही आत्ताच डोळ्यांनी पाहिलात." सगळे हसले. मग काय झालं कुणास ठाऊक, मी सुलभाचंही सांगून टाकलं.

भिकाआजीने भर उपासनेत विचारलं, "तिनं तुझं वाईट काय केलं?"

"काही नाही आजी. उलट डबा दिला."

"खाल्ला?"

"नाही."

"मंग आधी खा की!"

दुपारी पंगतीत नागलीची भाकरी आणि उडदाचं वरण होतं. शेजारी मी डबा उघडला. दशम्यांसोबत लसणाची चटणी, माझ्या पित्तासाठी मुद्दाम कमी तिखट केलेली. मला फार रडू आलं. आजीने अर्धी दशमी उचलली आणि म्हणाली, "लय गोड हात हाय तिचा." निघताना पाळकबाईंनी पिशवीभर नागली दिली.

घरी आल्यावर त्या नागलीचे लाडू केले, सुलभाचा डबा भरला आणि बुधवारी मंडळात जाऊन शेवटच्या रांगेत बसले. सुलभा धावत आली.

"ताई, पुढे चला ना, तुमच्यासाठी खुर्ची ठेवते."

"इथेच बरी आहे. चुकलं माझं, सुलभा. काही काम असेल तर सांग."

ती जरा घुटमळली. "चहाचे कप धुवायचेत..."

मी पदर खोचून नळाखाली बसले. आठ-दहा कप झाले असतील, मनात आलं, बघताहेत ना सगळ्या, मी किती नम्र झालेय ते! आणि माझं मलाच हसू फुटलं.

"काय झालं, ताई?"

"परत खुर्चीत जाऊन बसले होते," म्हटलं, आणि तिलाही नळाजवळ जागा करून दिली.