शेवटची पाच मिनिटं

मुलांनो, रविवारी दुपारी नाटकाला गेले होते. शेजारी साताऱ्याहून खास नाटकासाठी आलेलं जोडपं होतं. बाई जरीची साडी नेसून, गजरा माळून आलेल्या. शेवटचा प्रवेश ऐन रंगात असताना नवरा उठला.

"चल, नंतर पार्किंगमधून गाडी निघत नाही."

"अहो, पाचच मिनिटं!"

"शेवट कळलाच की आता!"

त्या मुकाट्यानं उठल्या. माझं डोकंच सणकलं. बाईची हौस नेहमी पाच मिनिटं आधीच का आटपायची? त्याला मी जाऊ दिलं आणि त्यांच्यापुढे पाय आडवा घातला.

"बसा. गाडी काढायला दोघं लागत नाहीत."

त्या बसल्या. मात्र पडदा पडेपर्यंत रंगमंचाकडे नाही, दाराकडे बघत राहिल्या.