विलासची वाइनची वही

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे आखातात, अबकैकच्या तेलाच्या प्लांटमध्ये, कंट्रोल रूमबाहेर हेल्मेट काढत उभा होतो. सकाळी खोबर शहरातल्या घरी दाढी करता करता तो कोसळला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढचे दिवस कंपनीची पत्रं, वकिलातीचे कागद यांत गेले. त्याला नाशिकला पोचवून मी परत आलो तेव्हा जो तो म्हणत होता, मित्र असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. लोकांना तो माझा विनय वाटला.

विलास नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा. वीस वर्षं आम्ही एकाच युनिटमध्ये काढली. वडील, म्हणजे आबा, होते तोवर याने छाटणीची कात्री हातात धरली नाही, आणि ते गेल्यावर, इथे वाळवंटात, त्याला बागेचं वेड लागलं. जिथे दारूचा थेंब मिळत नाही त्या देशात बसून हा माणूस जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर वाइनवरचे लेख वाचायचा. एक्झिट घेऊन कायमचं घरी जायचं आणि वडिलांच्या दोन एकरांत वाइनची द्राक्षं लावायची, एवढंच त्याच्या डोक्यात. मी थट्टा करायचो, तो हसून सोडून द्यायचा.

तीन वर्षांपूर्वी कंपनीने आम्हा दोघांना ट्रेनिंगसाठी फ्रान्सला, ल्योंला पाठवलं. शेवटच्या संध्याकाळी हॉटेलजवळच्या वाइनच्या दुकानात चार-पाच छोटे उत्पादक लोकांना चाखवायला आपापल्या बाटल्या घेऊन आले होते. स्वतःची बाग, स्वतःच्या तळघरात केलेली वाइन, आणि ओतायलाही स्वतःच उभे. विलास एकेक घोट तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि वहीत लिहायचा. मी मात्र एक थेंब वाया घालवला नाही, आणि तिसऱ्या ग्लासनंतर मला सगळ्या सारख्याच लागल्या. एका साठीच्या बाईंपाशी तो जो अडकला तो अडकलाच. त्यांच्या नखांत माती होती, बोटांना घट्टे पडलेले. ‘अगदी आबांचे हात रे,’ तो मला म्हणाला. दुकानदार मोडक्या इंग्रजीत एकाचं दुसऱ्याला सांगत होता. आपल्याकडे द्राक्षवेल वर्षातून दोनदा छाटतात हे बाईंना पटेचना. मग त्यांनी त्याची वही ओढून घेतली, त्यात वेल काढला, छाटताना कुठला डोळा ठेवायचा ते दाखवलं, आपला पत्ता लिहिला आणि काढणीला ये, हाताने शिक, असं सांगितलं. त्याच पानावर त्यांचा ग्लास कलंडला. विलासने फुंकर घालून घालून पान वाळवलं. इतका खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दम्मामच्या विमानतळावर उतरलो. सामानाची वाट बघताना विलास हँडबॅग माझ्याकडे देऊन टॉयलेटला गेला. बॅगेला वाइनचा वास येत होता... निदान मला तरी आला. वहीत त्याने बाटल्यांची लेबलंही चिकटवली होती. कस्टमवाल्याने उघडली तर? माझी नोकरी, इथे राहायचा परवाना असलेला इकामा, मुलीचं बारावीचं वर्ष, सगळं डोळ्यांपुढे आलं. मी वही काढली, कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या सारल्या. थोड्या वेळाने कस्टमवाल्याने आमच्याकडे न बघताच ‘यल्ला, यल्ला’ करत आम्हाला पुढे काढलं. तेव्हाही मागे फिरता आलं असतं. मी सामानाची ट्रॉली ढकलत बाहेर पडलो.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. ‘वही बॅगेत होती ना रे?’

‘होती की,’ मी म्हणालो.

त्या दोन शब्दांनी सगळं त्याच्या बायकोवर, सुनंदावहिनींवर गेलं. बॅग त्यांनी रिकामी केली होती, चुरगळलेले कागद रस्त्यावरच्या कचरापेटीत टाकले होते. कधी आवाज न चढवणारा विलास त्या दिवशी त्यांना नको नको ते बोलला. दुकानदाराला केलेल्या मेलला उत्तर आलं नाही, बाईंचं आडनाव याला आठवेना. पुढे त्याने बागेचा विषयच सोडला. मी काढला तर म्हणायचा, ‘खलास रे, जाऊ दे.’ माणूस ताळ्यावर आला, असं मी घरी बायकोला सांगितलंही. लाज वाटते ते आठवून.

मागच्या महिन्यात वहिनी घर आवरायला खोबरला आल्या होत्या. मी खोकी बांधायला गेलो. जुनी बिलं, मुलांच्या शाळेची पत्रकं, प्रत्येक कागद त्या उलटून बघत होत्या आणि मगच टाकत होत्या. मी म्हटलं, एवढं कशाला बघताय, सगळी रद्दीच आहे.

‘तीन वर्षं असंच करते भावजी,’ त्या म्हणाल्या. ‘मी खरंच टाकली असेन का हो ती वही? मला आठवतच नाही...’

मी म्हणालो, ‘जाऊ द्या वहिनी, आता काय त्याचं.’ आणि खोक्याला चिकटपट्टी लावत बसलो. निघताना त्यांनी माझे आभार मानले.

वहिनी आता नाशिकला असतात. वर्तमानपत्राची ही पुरवणी त्यांच्याकडे येते, म्हणून इथे लिहितोय. समोर बसून सांगायची छाती झाली नाही. वहिनी, वही तुम्ही टाकली नाहीत. मी टाकली. तुमच्या घरात ती कधी आलीच नव्हती.