साक्ष दिली आणि गोळी सोडली

“औषध मध्येच थांबवलं होतं ना?” डॉक्टरबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला होता. “हा रिलॅप्स आहे, म्हणजे गेलेला आजार परत आलाय. या वेळी त्याच गोळ्या लागू पडतील की नाही, ते मी आज सांगू शकत नाही.”

मी सत्तावीस वर्षांचा आहे आणि पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होण्याचं शिक्षण घेतोय. चारचौघांपुढं उभं राहून बोलणं हेच पुढं माझं काम. पण त्या क्षणी तोंड उघडलं तर आधी खोकला आला आणि मग खोटं आलं. “राहून गेलं, मॅडम,” मी म्हणालो.

राहून गेलं नव्हतं. मी ठरवून सोडलं होतं. का सोडलं ते इथं लिहितोय, कारण माझ्यासारखा दुसरा कुणी शहाणा आज कुठंतरी तळहातावर गोळ्या घेऊन विचार करत बसला असेल.

आजाराची सुरुवात सगळ्यांची होते तशीच झाली. धर्मशिक्षणाच्या विद्यालयानं मला एक वर्ष प्रत्यक्ष कामासाठी माझ्याच मंडळीत, म्हणजे गावच्या चर्चमध्ये, पाठवलं होतं. सोनईच्या पुढं आमचं लहानसं गाव आहे. घरी मी आणि आई. रविवारी पाळकसाहेबांना उपासनेत मदत करायची आणि आठवडाभर सायकलवर घरभेटी करायच्या. खोकला लागला तेव्हा वाटलं, उसाच्या ट्रॅक्टरांची धूळ. संध्याकाळी अंगात कणकण यायची. आई म्हणायची, “लई फिरतो बाबा तू, जरा बस घरी.” मग एका सकाळी बेसिनमध्ये लाल रेघ दिसली.

स्पुटम, म्हणजे थुंकीची तपासणी झाली. पल्मनरी ट्युबरक्युलॉसिस, फुफ्फुसाचा क्षयरोग. सहा महिने रोज गोळ्या. लघवी नारंगी होईल, घाबरू नका, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. तरी पहिल्या दिवशी मी घाबरलोच.

मंडळीनं माझ्यासाठी उपास-प्रार्थना केली. दोन महिन्यांत खोकला थांबला, वजन वाढलं, भाकरी गोड लागायला लागली. इथं माझी चूक सुरू होते.

आमच्याकडं उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उठावं आणि आठवड्यात देवानं काय केलं ते सांगावं. कुणाच्या पोराला नोकरी लागलेली असते, कुणाची हरवलेली म्हैस सापडलेली असते. त्या रविवारी मी उठलो. देवानं मला बरं केलं, असं म्हणालो. एवढं ठीक होतं. पण समोर माणसांचे डोळे भरून आलेले दिसले, पाळकसाहेब मोठ्यानं “हालेलुया” म्हणाले, आणि मला चेव चढला. मी म्हणालो, “आता मला औषधाचीही गरज उरलेली नाही.”

हे वाक्य माझ्या तयारीत नव्हतं. ते कुठून आलं, मला आजही कळत नाही. पण टाळ्या त्यालाच सगळ्यात जास्त पडल्या.

सोमवारी सकाळी गोळ्या हातात घेतल्या आणि पंचाईत झाली. या गिळल्या तर काल देवाच्या घरात मी खोटं बोललो. नाही गिळल्या तरच साक्ष खरी. शिवाय पुढच्या महिन्यात मंडळीचे पंच माझ्या नावाची शिफारस करणार होते. त्यावर माझं शेवटचं वर्ष आणि पुढची पाळकपदाची दीक्षा अवलंबून होती. ज्याला देवानं बरं केलं तो उमेदवार मला आवडत होता. गोळ्या खाणारा क्षयरोगी नको होता.

मी गोळ्या सोडल्या आणि त्याला विश्वास असं नाव दिलं. रोज गोळ्या पाकिटातून काढून संडासात टाकायचो आणि रिकामी पाकिटं गावच्या आशाताईंना दाखवायचो. आशाताई म्हणजे घरोघरी औषधांची चौकशी करणाऱ्या आरोग्यसेविका. त्या खूश होऊन वहीत बरोबरची खूण करायच्या. विश्वास असता तर पाकिटं लपवायची वेळ आली असती का? पण हा प्रश्न तेव्हा मी स्वतःला विचारला नाही. शिफारस झाली. पेढेही वाटले.

तीन महिन्यांनी कणकण परत आली.

आता मी नगरच्या सरकारी दवाखान्यात बसलो होतो. येताना एसटीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलेलं, कंडक्टर नगर-नगर ओरडणारा, आणि त्या गाडीत तोंडाला फडकं बांधून, खोकला दाबून दाबून डोळ्यांत पाणी आलेला मी. शेजारी एक बाई लहान बाळ घेऊन बसली होती. मी उठलो आणि उरलेली सगळी वाट दाराजवळ उभा राहून काढली.

डॉक्टरबाईंनी सीबीनॅट नावाची तपासणी लिहून दिली. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का आणि मुख्य औषधाला ते दाद देतात का, हे त्यात कळतं. दाद देत नसतील तर त्याला रेझिस्टन्स म्हणतात. “अर्धवट औषध घेतलं की जंतू शिल्लक राहतात आणि कधी कधी औषधालाच पुरून उरतात,” त्या म्हणाल्या. “मग उपचार अवघड होतो. रिपोर्ट परवा मिळेल. आईलाही तपासायला आणा.”

ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगतो, कारण अशा वेळी माणूस किती भित्रा होतो हे कुणी सांगत नाही. मला प्रार्थना करता येईना. लोकांच्या खाटेशी बसून मी किती सुंदर प्रार्थना करायचो! आता गुडघे टेकले की एकच विचार यायचा: देव ऐकतोय, आणि त्याला पाकिटांचं सगळं माहीत आहे. आई स्वयंपाकघरात खोकली की मी उठून दारातून बघायचो. तिला फोडणीचा ठसका लागला होता, पण मला ते पटेना. रविवारच्या शाळेत मी शिकवायचो ती पोरं आठवायची. माझ्या अगदी तोंडासमोर बसून गाणी म्हणणारी वीसेक पोरं.

परवाच्या दिवशी आईला घेऊन गेलो. एक्स-रेच्या खोलीबाहेर बाकड्यावर रांग होती. त्या रांगेत, एक पाय पांढऱ्या पट्टीत गुंडाळून, मार्थामावशी बसल्या होत्या.

मावशी आमच्या मंडळीतल्या. एकट्या राहतात, शनिवारी मंदिर, म्हणजे आमचं चर्च, झाडतात. गेले दोन रविवार त्या दिसल्या नव्हत्या आणि मी, घरभेटींचा मोठा अधिकारी, स्वतःच्या तापात त्यांना विसरलो होतो. त्यांना जुना मधुमेह आहे.

“मावशी, पायाला काय झालं?”

“बाभळीचा काटा मोडला व्हता रं. भरंनाच. आता आंगठा काळा पडलाय. डाक्टर म्हन्तो शुगर लई वाढली.” मग मला बघून त्यांचा चेहरा उजळला. “शामू, तुज्यासारखाच इस्वास ठिवला बग. तू गोळ्या सोडल्या, म्हनून म्या बी सोडल्या. देवाला दोघांचं ऐकायला काय जड हाय?”

आई माझ्याकडं बघायला लागली.

मला मरणाची भीती वाटली होती, शिफारस जाण्याची भीती वाटली होती. पण ही भीती वेगळी होती. मी एक वाक्य बोललो होतो, टाळ्यांसाठी, आणि ते वाक्य या बाईच्या पायात शिरलं होतं. अजून पाळक झालोही नव्हतो.

“मावशी,” मी म्हणालो, “मी बरा झालो नव्हतो. मला ते परत झालंय.”

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. त्या रागावतील असं वाटलं, मला ते हवंही होतं. त्या पायाकडं बघत म्हणाल्या, “मंग तवाच का न्हाई सांगितलं रं?”

तेवढ्यात डॉक्टरबाईंच्या खोलीतून माझं नाव पुकारलं.

आत गेल्यावर मी आधी पाकिटांची सगळी गोष्ट सांगून टाकली आणि मग रिपोर्ट विचारला. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. “माझ्याकडं काही कबूल करायची गरज नाही,” त्या म्हणाल्या, “पण मला खरं कळलं तरच औषध देता येतं.” मग त्यांनी कागद माझ्याकडं फिरवला. मुख्य औषध अजून लागू पडत होतं. “तुम्ही वाचलात. आता पहिल्या दिवसापासून पुन्हा सहा महिने. एकही दिवस चुकवायचा नाही.” आईचा एक्स-रे स्वच्छ निघाला. रविवारच्या शाळेतल्या पोरांची तपासणी पुढच्या आठवड्यात आशाताईंनी करून घेतली. देवाची दया, कुणालाच काही निघालं नाही. आशाताई माझ्याशी मात्र महिनाभर बोलल्या नाहीत.

मावशींचा अंगठा काढावा लागला. पाय वाचेल की नाही, हे चार दिवस कुणी सांगत नव्हतं. मला वॉर्डात जायची मनाई होती. मी बाहेर आवारातल्या लिंबाखाली बसायचो आणि आई आत डबा घेऊन जायची. तिथं मला परत प्रार्थना करता यायला लागली. सुंदर नाही. “प्रभू, तिचा पाय,” एवढीच. चौथ्या दिवशी आई बाहेर आली आणि म्हणाली, “ऱ्हायला पाय. रडू नको, मानसं बघत्यात.”

पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. शिफारस मागं घ्या असंही म्हणालो. ते म्हणाले, “त्या दिवशी पहिलं हालेलुया माझंच होतं, शामू. मलाही ते आवडलं होतं.” शिफारस एक वर्ष पुढं गेली. पूर्वी मला एक आठवडाही फार वाटायचा. देवानं लवकर करावं आणि सगळ्यांच्या देखत करावं, अशी माझी घाई होती. आता रोज सकाळी उपाशीपोटी गोळ्या गिळतो. लघवी नारंगी होते. त्यापलीकडं दिवसभर काही घडत नाही. देवावर भरवसा ठेवायचा तो या काही न घडणाऱ्या दिवसांतच, हे मला कुठल्याही वर्गात समजलं नव्हतं.

माझ्यापासून आता कुणाला लागण होणार नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितल्यावर मी मंदिरात गेलो. साक्षीची वेळ आली. मी उठलो आणि सांगितलं: मी खोटी साक्ष दिली होती. गोळ्या फेकल्या होत्या. मी अजून बरा झालेलो नाही, औषध चालू आहे आणि मला भीती वाटते. ज्या कुणी माझं ऐकून औषध सोडलं असेल त्यानं आजच सुरू करावं.

कुणीही हालेलुया म्हणालं नाही. बसावं की उभं राहावं, मला समजेना.

मागून, भिंतीजवळच्या खुर्चीतून, मार्थामावशींचा आवाज आला. “शामू, आजची गोळी घेतली का?”

“घेतली, मावशी.”

“म्या बी घेतली. मंग आमेन म्हन आन् बस खाली.”

माझे अजून दोन महिने राहिलेत. भीती गेली असं म्हणणार नाही, त्या तऱ्हेची साक्ष मी आता देत नाही. दर रविवारी दारातच मावशी मला तोच प्रश्न विचारतात, मी त्यांना विचारतो, आणि मग आम्ही दोघं आत जातो. एवढं होऊनही त्यांनी मला अजून शामूच म्हणावं, याबद्दल मी देवाचे रोज आभार मानतो.