डावीकडची माणसं

"मॅडम, त्या कोऱ्या जागा असलेल्या ओळी काढून टाका. कागद कसा दात पडलेल्या तोंडासारखा दिसतो!"

"दात पडले म्हणून कुणी तोंड फेकून देतं का, सर?"

डबा घेऊन आलेली थोरली दाराबाहेरच थबकली. आत, दवाखान्याच्या कॉम्प्युटरच्या खोलीत, तिची धाकटी बहीण साहेबाशी भांडत होती. भाजीवाल्याशी घासाघीस करताना जिची जीभ टाळ्याला चिकटायची, ती! थोरलीला वाटलं, आता नोकरी जाते की काय?

"त्या ओळीत माणूस आहे, सर. नातेवाईक नाही, एवढंच."

साहेब तसा वाईट नव्हता. त्यालाही वरून कुणीतरी टोचतच असायचं. "राहू द्या मग. पण ज्यांच्याकडे फोनच नाही, त्यांना निरोप कसा द्यायचा ते तुमचं तुम्ही बघा."

"बघते," धाकटी म्हणाली. हे 'बघते' तिने जन्मभर निभावलं.

धाकटी नेमकं काय करते, हे थोरलीला बरीच वर्षं उमगलं नव्हतं. शेजारणीने विचारलं तेव्हा तिने आपलं ठोकून दिलं, "जुळवाजुळव करते." झालं! शेजारीण दुसऱ्या दिवशी भाच्याचा फोटो घेऊन हजर. धाकटी हसून हसून लोळली. मग जेवताना तिने ताटाशेजारी वाट्या मांडून सगळं समजावलं.

"हे पेशंटचं टेबल. हे त्यांच्या नातेवाइकांचं. दोन्हीकडे पेशंटचा नंबर असतो. मी कॉम्प्युटरला विचारते, नंबर जुळव आणि पुढच्या तपासणीची तारीख कुणाकुणाला कळवायची ते सांग. या विचारण्याला क्वेरी म्हणतात, ताई. जुळवण्याला जॉइन."

"आणि ज्याचं कुणाशीच जुळत नाही, तो?"

धाकटीने एक वाटी बाजूला सरकवली. तिचं दुखणं नेमकं तेच होतं.

साधा जॉइन फक्त जुळलेल्यांना धरतो, बाकीच्यांना गुपचूप गाळतो. नवी असताना तिने तोच लिहिला होता. एक म्हातारा शिंपी होता, बायको गेलेली, मूलबाळ नाही. नातेवाइकांच्या टेबलात त्याची ओळच नव्हती, म्हणून तोही गळाला. त्याचा स्वतःचा फोन धडधाकट होता, पण तो वाजलाच नाही. सरळ माणूस. "बोलावतील तेव्हा जाऊ," म्हणत शिवत बसला आणि दुखणं आतल्या आत वाढत गेलं. शेवटी त्याला उचलून आणलं तेव्हा नर्स रागावली, "इतके दिवस होतात कुठे?" तो म्हणाला, "तुम्ही बोलावलं नाहीत ना, बाई." ओरडला असता तर बरं झालं असतं. तो तर आपलंच चुकल्यासारखा बोलला. आठवड्याच्या आत गेला. धाकटीने तेव्हा क्वेरीत एक शब्द घातला.

"आता लेफ्ट जॉइन लिहिते, ताई."

"लेफ्ट म्हणजे डावं ना? म्हणजे आताही डावलतेसच की!"

"अगं, उलटं आहे! आमच्यात डाव्याला डावलत नाहीत. डावीकडच्या टेबलातला प्रत्येक माणूस राहतो. उजवीकडे त्याचं कुणी नसलं तर तिथली जागा कोरी सुटते, पण माणूस सुटत नाही."

त्या कोऱ्या जागांवरूनच साहेबाशी ते भांडण झालं होतं.

ज्यांचं कुणी नाही आणि ज्यांच्याकडे फोनही नाही, त्यांच्या दारात मग ती स्वतः जाऊ लागली. काम सुटलं की पायपीट, जिने, बोळ.

"पोस्टमन परवडला, त्याला याचा पगार तरी मिळतो," थोरली करवादायची.

पुढे पुढे धाकटीला धाप लागायला लागली. "स्वतःला दाखवलंस का कुणाला?" "दाखवते गं, एवढे निरोप उरकले की." लोकांच्या तारखा सांभाळणारी ही बया, स्वतःची तारीख मात्र पुढे ढकलत राहिली. थोरलीने आवाज चढवून पाहिला, अबोला धरून पाहिला. एकदा चपला लपवल्या, तर ही थोरलीच्याच चपला घालून चालू पडली.

शेवटच्या खेपेला थोरली हट्टाने बरोबर गेली. दुसऱ्या दिवसाची सकाळ धाकटीने पाहिली नाही. पण त्या संध्याकाळी तसं काहीच वेगळं नव्हतं. दुकानांच्या मागे, अंधाऱ्या जिन्यावरच्या खोलीत एक कुलूपवाला राहायचा. कानाने पार गेलेला.

"बाबा, गुरुवारी यायचं!"

"कोण गुरुजी?"

"गुरुजी नाही, गुरुवार! सकाळी. काही न खाता."

थोरलीला हसू आवरेना. म्हातारा मात्र गंभीर झाला. "बरोबर कोण आलंय, म्हणून विचारतील. माझं तर कुणी नाही, पोरी."

"तुमचं नाव सांगा. ते आहे तिथे." धाकटीने दम खाल्ला. "आता म्हणून दाखवा बघू."

"गुरुवारी. सकाळी. उपाशी."

"बरोबर," ती म्हणाली, ओढणीने घाम टिपला आणि भिंतीला हात लावत, थांबत थांबत जिना उतरू लागली.